ओल्या मातीचं वळण

योम साहेबांनी वाटेवर साखळी लावली तेव्हा आमची मिरची नुकती तांबडी व्हायला लागली होती.

आमचं शेत डोंगराच्या खांद्यावर आहे. तिथून घरापर्यंतची वाट ओढ्याच्या कडेकडेने डोंगराला वळसा घालून येते. लांब पडते, पण सगळी सपाट. मामंजी त्या वाटेने टिलर, म्हणजे मुठी धरून चालवायचं दोन चाकांचं यंत्र, आणि मागची ट्रॉली घेऊन यायचे तेव्हा एका हाताने सिगारेट पेटवायचे, इतकी ती वाट गुणी. मधल्या पट्ट्यातली जमीन योम साहेबांनी विकत घेतली. तेगू शहरातून निवृत्त होऊन आलेला माणूस. मोठ्या काचांचं पांढरं घर बांधलं, मोजणी करून घेतली, आणि वाटेचा मधला तुकडा आपल्या हद्दीत येतो असं निघाल्यावर अगदी तिथपर्यंत हिरवळ लावली. टिलरचं चाक दोन-चारदा हिरवळीवर गेलं. त्यांनी वस्तीच्या बैठकीत विषय काढला. मामंजी सगळ्यांदेखत म्हणाले, घरंगळत आलेला धोंडा आता रोवलेल्या धोंड्याला उपटायला निघालाय. लोक हसले. दुसऱ्या दिवशी वाटेत दोन लोखंडी खांब, मध्ये साखळी आणि साखळीला कुलूप.

म्हाताऱ्यांनी घरी येऊन एकदा चुकलं म्हणावं, मी कुलूप काढतो, असा निरोप आला. मामंजींनी तो जेवता जेवता ऐकला आणि मुळ्याची फोड कडाकडा चावून खाल्ली.

"ती वाट माझ्या बापानं कुदळीनं काढली," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या वाटंनं जायला मी ह्याच्या दारात जाऊ?"

म्हणून मग आम्ही जुन्या वाटेने माल उतरवायला लागलो.

जुनी वाट बैलांच्या काळातली. शेताच्या बांधापासून निघते ती सरळ वस्तीच्या डोक्यावर उतरते. उतार असा की मोकळ्या हाताने उतरतानासुद्धा गुडघे कुरकुरतात. शेताच्या लगेच खाली एक वळण आहे. तिथे उतार फारसा नाही, पण उजवीकडे डोंगराची भिंत, डावीकडे घळ, आणि मध्ये ट्रॉलीच्या चाकांपुरती तांबडी माती. मला त्या वळणाची पहिल्या दिवसापासून धास्ती. कारण ट्रॉलीत, मिरचीच्या गोण्यांवर, माझी सेबॉम बसायची.

सेबॉम अजून तीन वर्षांची नाही. घरी तिला सांभाळायला कोणी नाही, म्हणून ती आमच्याबरोबर शेतात. संध्याकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ट्रॉलीत चढायच्या, नातीला मांडीत घ्यायच्या आणि निघायच्या. मी पहिल्या दिवशीच म्हणाले, आत्याबाई, हिला मी पाठीवर बांधून चालत आणते. त्या म्हणाल्या, इनग्यू ह्याच ट्रॉलीत वाढला, तो काय पडला? इनग्यू माझा नवरा. तो बाजूलाच गोण्यांची तोंडं बांधत होता. त्याने मान वर केली नाही. आईच्या आणि माझ्या मध्ये बोलणं निघालं की त्याला नेहमी बांधायला एखादी गाठ सापडते.

मी सेबॉमला पाठीवर बांधूनच आणायला लागले. आत्याबाई तीन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. वस्तीतल्या बायांना मात्र मला ऐकू जाईल असं सांगितलं, आमची सून शिकलेली आहे, तिला चाकांचीही भीती वाटते. बाया त्यांना जिनबोवाली म्हणतात, त्यांच्या माहेरावरून. मला कोणी माहेरावरून हाक मारत नाही. मी सेबॉमची आई.

मिरचीच्या तोडणीत डोकं चालवायला जागा नसते. कमरेला फोमची गोल बैठक बांधायची, सरीत बसायचं, दोन्ही बाजूंची तांबडी मिरची तोडायची, तशाच बैठकीसकट उठून पुढे सरकायचं. बदकासारखं. दुपारपर्यंत मांड्या भरून येतात. हातमोज्यातूनही तिखट आत शिरतं आणि मग ते कुठे कुठे लागतं. एकदा सेबॉमने माझं बोट धरलं आणि डोळा चोळला. तिचं ओरडणं सगळ्या डोंगरात गेलं. मी बाटलीतलं पाणी तिच्या डोळ्यावर ओतत राहिले आणि आत्याबाई लांबून म्हणाल्या, शेतकऱ्याचं पोर आहे, एकदा लागलं की शिकतं.

त्यात पाऊस. पाऊस पडून ऊन पडलं की मिरचीवर करपा येतो. आज एका फळावर खोलगट काळा डाग, परवा सबंध सरी. म्हणून तांबडी झालेली झाडावर ठेवायची नाही, तोडलेली शेतात ठेवायची नाही. रोजची रोज खाली गेली पाहिजे, धुऊन वाळवणीच्या यंत्रात पडली पाहिजे. वर्षाचं सगळं ह्या काही आठवड्यांवर.

लग्नाआधी मी तेगूला शिकवणीच्या वर्गात पदार्थविज्ञान शिकवत होते. बल, गती, घर्षण. फळ्यावर उतार काढायचा, उतारावर एक चौकोन काढायचा आणि बाण मारायचे. तो चौकोन कधी कोणाच्या अंगावर आला नाही. इथे आल्यावर मी मामंजींचे हात बघायला लागले. भीती वाटते म्हणून बघत होते, पण बघता बघता मजा वाटायला लागली. टिलरला सुकाणू नसतं. दोन लांब मुठी, आणि प्रत्येक मुठीखाली दाबायची एक कळ. उजवी कळ दाबली की उजव्या चाकाचा इंजिनाशी संबंध सुटतो, डावं चाक रेटत राहतं आणि टिलर उजवीकडे वळतो. हे सपाटीवर. उतारावर मामंजी बरोबर उलट करायचे. उजवीकडे वळायला डावी कळ. तेही मला कळलं. उतारावर इंजिन ओढत नसतं, धरून ठेवत असतं. ज्या चाकाची कळ दाबाल ते सुटतं, पुढे धावतं, आणि टिलर दुसऱ्या बाजूला तोंड करतो. इथल्या पोराटोरांना हे ठाऊक असतं. उतारावर उलटं, एवढंच म्हणतात.

पण एके दिवशी सकाळी पाऊस पडून गेल्यावर मी पाहिलं, त्या वरच्या वळणावर मामंजींनी उजवी कळ दाबली. सुलटी. आणि टिलर शहाण्यासारखा उजवीकडे वळला. मी सेबॉमला पाठीवर घेऊन मागे चालत होते, तिथेच थबकले. उतार तोच, ट्रॉली तशीच भरलेली. बदलली होती ती माती. ओली तांबडी माती चाकांना धरून ठेवत होती. एवढ्याशा उतारावर ट्रॉली आपल्याआप पुढे येत नव्हती, इंजिनाला तिला ओढावं लागत होतं. म्हणजे वळण उताराचं असूनही टिलरला ते सपाटीसारखं. तिथून खाली खरा उतार लागला की पुन्हा उलटं. मी मामंजींना घरी आल्यावर विचारलं, तुम्हाला तिथे कसं समजतं? ते म्हणाले, काय समजतं? मी परत समजावून सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, मी तसं करतो व्हय?

मग त्यांचं मनगट गेलं. टिलरला हँडल मारून चालू करताना इंजिनाने उलटा झटका दिला आणि हँडल मनगटावर आलं. हाड मोडलं नाही, पण हात उशीसारखा सुजला. डॉक्टरने पट्टी बांधली आणि मूठ आवळायची नाही म्हणून सांगितलं. टिलर इनग्यूकडे आला. तो पोहांग शहरातल्या कारखान्यात काम करून दोन वर्षांपूर्वी परत आलेला. टिलर चालवायचा, पण सपाट वाटेवर.

त्याच्या पहिल्या दोन खेपा कोरड्या मातीवर झाल्या. नीट झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ढग उतरले आणि आम्ही तोडत असतानाच सर येऊन गेली. मोठी नाही. माती चकचकीत होण्याइतकी. पश्चिमेला पुढची सर दिसत होती. मामंजी बांधावर उभे राहून घाई करत होते, गोण्या भरा, निघा. मी गोणी उचलून देताना इनग्यूला म्हणाले, वरच्या वळणावर आज सुलटी कळ दाब.

तो म्हणाला, उतारावर उलटी असते, मला शिकवू नकोस.

मी म्हणाले, ओल्या मातीत तिथे उलटी चालत नाही, मामंजींना मी पाहिलंय. कारण सांगायला लागले. घर्षण हा शब्द माझ्या तोंडातून निघाला आणि तिथेच माझं चुकलं. त्याचा चेहरा बदलला. मी फळ्यापुढे उभी आहे आणि तो बाकावर बसलाय असं त्याला वाटलं असणार. मी मामंजींकडे वळले, म्हटलं, तुम्ही सांगा ना ह्यांना. मामंजी आभाळाकडे बघत होते. म्हणाले, हाताला कळतं ते त्याच्या. निघा आता.

"अगं, टिलर चालवताना माणूस शाळा शिकतो का?" आत्याबाई म्हणाल्या. आणि ट्रॉलीत चढायला लागल्या. मग सेबॉमकडे हात पसरले. पाऊस येतोय, लेकराला भिजवणार का चालत?

मी दिली नाही. झोळीचा पट्टा आणखी आवळला. आत्याबाईंनी एक पाय ट्रॉलीवर ठेवला होता, तो खाली घेतला. म्हणाल्या, माझ्या मांडीची खात्री नाही तर मी तरी कशाला बसू, जा रे तू, नेऊन टाक. आणि रागाने आमच्यापुढे तरातरा चालायला लागल्या, मग टिलरला वाट द्यायला भिंतीकडे सरकून उभ्या राहिल्या.

इनग्यू वळणावर आला. मी मागून त्याचा डावा हात पाहत होते. डाव्या हाताची बोटं कळीवर आवळली. टिलरचं नाक डावीकडे, घळीकडे गेलं. माणूस अशा वेळी काय करतो? जे करतोय तेच जोराने करतो. त्याने आणखी आवळली. मी ओरडले का, मला आठवत नाही. डावं चाक कडेवरून उतरलं, ट्रॉली मागून तिरकी आली, आणि इनग्यू मूठ सोडून भिंतीच्या बाजूला उडी मारताना मुठीचा दांडा त्याच्या बरगड्यांवर बसला. मग टिलर, ट्रॉली आणि सगळ्या दिवसाची मिरची घळीत. इंजिन उलटं पडूनही थोडा वेळ धडधडत राहिलं. सेबॉम पाठीवरून म्हणाली, पुन्हा कर.

बरगड्या मोडल्या नव्हत्या, मुकामार होता. वस्तीतल्या दोघांनी खालून तार लावून टिलर काढला. चालू झाला, एक मूठ थोडी वाकली एवढंच. अर्धी मिरची चिखलात गेली.  माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्याचा कोणालाही उपयोग नव्हता, मला तर नाहीच. इनग्यू भिंतीकडे तोंड करून पडला होता, श्वास घेताना कण्हत होता. मी शेक देत होते. तो एवढंच म्हणाला, बोल एकदा, बोलून टाक. मी म्हणाले, मला बोलायचं नाही, मला ती वाट नको आहे.

दुसऱ्या दिवशी मी सेबॉमला घेऊन योम साहेबांकडे गेले. कोणाला विचारलं नाही. तोडणीच्याच कपड्यांत होते. त्यांनी आत बोलावलं, मी बसणार तिथे आधी वर्तमानपत्र पसरलं, आणि पसरून झाल्यावर म्हणाले, चिखल लागतो हो. त्यांच्या बायकोने सेबॉमला पीच कापून दिलं. चांगली बाई. मी मान झुकवून म्हटलं, मामंजी बैठकीत जे बोलले त्याबद्दल त्यांच्या वतीने मी चुकलं म्हणते. आमची मिरची निघेपर्यंत वाट द्या.

 योम साहेब म्हणाले, मी काही राक्षस नाही, अपघाताचं ऐकून मलाही झोप आली नाही.

"तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला तरी समजतं," ते म्हणाले. "त्यांनी येऊन एक शब्द बोलायला काय हरकत होती?"

मी वर्तमानपत्राकडे बघत राहिले. ठरलं ते असं: रोज सकाळी कुलूप निघेल. यंत्र जाईल तेव्हा घरातल्या कोणीतरी तिथे उभं राहायचं, चाक हिरवळीवर जाऊ द्यायचं नाही. मिरची संपली की साखळी परत.

जेवताना मी सांगितलं. मामंजी सूप पीत होते. त्यांनी चमचा खाली ठेवला, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला.

"माझ्या वतीनं चुकलं म्हणालीस?"

"हो."

"माझं तोंड अजून माझ्यापाशीच हाय." एवढं बोलून ते उठले. सूप तसंच राहिलं. आत्याबाईंनी ते कुत्र्याला घातलं नाही, झाकून ठेवलं.

वाटलं होतं, राग सकाळपर्यंत उतरेल. सकाळी मामंजी टिलर घेऊन शेतात गेले; काल तोडलेली मिरची गोण्यांत तिथेच पडून होती. रिकामा टिलर चढावर सगळ्याच वाटांनी जातो, म्हणून कोणत्या वाटेने गेले इकडे मी लक्ष दिलं नाही. आत्याबाई त्यांच्यामागे गेल्या. मी ठरल्याप्रमाणे सेबॉमला पाठीवर घेऊन साखळीपाशी उभी राहिले. योम साहेबांनी कुलूप काढलं, साखळी एका खांबाला गुंडाळली, आणि तेही जरा लांब उभे राहिले, चपला घालून, हात मागे बांधून. आम्ही दोघं वाटेकडे बघत होतो.

टिलरचा आवाज आला. समोरून नाही. डोक्यावरून. डोंगरावरून.

मी मान वर केली. झाडांमुळे काही दिसत नव्हतं, नुसता आवाज. रात्री पाऊस झाला होता. मूठ आवळायची नाही म्हटलेला हात, वाकलेली मूठ, ओली माती. इंजिन ओढतंय तोवर आवाज जड असतो, धरायला लागलं की हलका होतो. मी तो जडपणा कानाने धरून ठेवला. वळण आलं असणार. आवाज तुटला, परत जुळला, आणि मग हलका होत खाली वस्तीकडे गेला. गेला. नीट गेला. भीती ओसरली, आणि तिच्या जागी जे आलं ते काही कृतज्ञता नव्हती. मला त्या म्हाताऱ्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. उद्या पुन्हा जाईल. परवा पुन्हा. बरगड्या बऱ्या झाल्या की इनग्यूही जाईल, कारण बाप गेला. आणि मग कधीतरी गोण्यांवर बसायला सेबॉम.

योम साहेब खाकरले. "तुमचं कोणी ह्या वाटेने येत नाही वाटतं. मग लावू का कुलूप?"

"नका लावू," मी म्हणाले. "मी येते."

सपाट वाटेने शेतात गेले. मामंजी दुसऱ्या खेपेला परत वर आले होते, ट्रॉली भरत होते. खोपटामागे दोन चाकांची हातगाडी उलटी पडलेली होती. मी ती सुलटी केली, टायरमध्ये हवा होती. बांधावरच्या गोण्यांतल्या मला उचलता येतील तेवढ्या गोण्या एकेक करून गाडीत टाकल्या.  मामंजी गोणी बांधायची थांबवून बघत राहिले. मी दांड्यांच्या मध्ये शिरले आणि ओढलं. गाडी हलली नाही. उभी असलेली वस्तू उभीच राहू बघते, हे मी किती पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. झोळीचे पट्टे खांद्यात रुतले. पाय मातीत घट्ट रोवले, सगळं अंग पुढे टाकलं, तेव्हा चाकं सुटली. एकदा सुटल्यावर थांबायचं नाही, एवढंच मी ठरवलं. थांबले तर तेवढाच जोर पुन्हा लावावा लागेल, आणि तो माझ्यात दुसऱ्यांदा नव्हता.

ओढ्याच्या कडेने बरंच अंतर गेले. मानेवरून घाम डोळ्यांत, मिरचीच्या हाताने पुसायची सोय नाही. सेबॉम पाठीवर झोपली आणि झोपल्यावर दुप्पट जड झाली. दंड कापायला लागले. आता सुटणार दांडा, असं वाटलं आणि तेवढ्यात गाडी हलकी झाली.

वाट सपाट होती. तीच माती, त्याच गोण्या. अशी गाडी आपणहून हलकी होत नाही.

मी मान वळवायला गेले.

"मागं बघू नगंस," आत्याबाई मागून धापा टाकत म्हणाल्या. "ते वरनं बघत्यात. वढ."